तिरक्या कापासाठी बँडसॉवर फिरती पकड : प्रकल्पाच्या नोंदी

४ नोव्हेंबर

यंत्र आडवं, धातू कापणारं छोटं बँडसॉ (पट्टीसारखं अखंड ब्लेड फिरवणारी करवत). क्षमता १०० × १५० मिमी, ब्लेड १६३८ × १३ × ०.६५ मिमी, वेग तीन : साधारण २४, ३६ आणि ६० मीटर प्रति मिनिट. सरळ कापाला तक्रार नाही. व्हाइस (माल धरणारी पकड) ४५ अंशाला वळवली की दोन गोष्टी बिघडतात, आणि दोन्हींचं मूळ व्हाइसच्या रचनेतच आहे.

या व्हाइसमध्ये फिक्स्ड जॉ (न सरकणारा जबडा) दोन बोल्टवर वळतो आणि मूव्हिंग जॉ एका बोल्टवर फिरून त्याच्याशी समांतर होतो. स्क्रू मात्र जिथे होता तिथेच, बेडच्या खाचेतून सरळ पुढे येतो. म्हणजे जॉ ४५ अंशात आणि त्याला रेटणारा जोर अजून काटकोनाच्याच दिशेत. आवळताना मूव्हिंग जॉ जॉबवर (कापायच्या मालावर) लंब दाबत नाही, तो जॉबच्या लांबीच्या दिशेनं घासत येतो. ४५ अंशाला जितका आत, तितकाच आडवा. परिणाम : मापाला लावलेला बार आवळता आवळता एक-दोन मिमी सरकतो. आधी थोडं आवळून मग माप घ्यावं म्हटलं तर शेवटच्या पिळाला पुन्हा सरकतो.

दुसरी गोष्ट फिक्स्ड जॉची. जोर जॉच्या मधोमध न येता एका टोकाला आला की जॉ स्वतःच्या बोल्टभोवती वळायला बघतो. त्याला अडवणारं काय, तर दोन बोल्टांचं घर्षण. बोल्टखाली तेल, खाच घासून गुळगुळीत झालेली. मग ४५ चे ४४.५ व्हायला वेळ लागत नाही, आणि आवळण्यापूर्वी गुण्या लावून तपासलं तर सगळं बरोबरच दिसतं. तपासणी नेहमी जॉब पूर्ण आवळल्यानंतर करावी ती यासाठी.

यावर नेहमी सुचवला जाणारा उपाय म्हणजे फिक्स्ड जॉमध्ये ठराविक कोनांच्या पिना. त्यानं दुसरा दोष जातो, पहिला तसाच राहतो. म्हणून ठरवलं आहे ते असं : जॉ आणि त्याला दाबणारा स्क्रू एकाच प्लेटवर बसवायचे आणि कोनासाठी अख्खी प्लेट फिरवायची. कोन कुठलाही असो, दाब जॉला लंबच.

६ नोव्हेंबर

आराखडा. मूळ व्हाइस पूर्ण काढायची. बेडवर, फक्त मालाच्या बाजूला, १० मिमीची बेस प्लेट. तिच्यावर १२ मिमीच्या पिव्हट पिनेवर फिरणारी आणखी एक १० मिमीची प्लेट. फिरत्या प्लेटवर फिक्स्ड जॉ आणि स्क्रूचा ब्लॉक. कापलेला तुकडा पडतो त्या बाजूला काहीच नाही, त्यामुळे ब्लेडसाठी प्लेटमध्ये खाच पाडायची गरज उरत नाही.

उंचीतले २० मिमी जातात, १०० चे ८० राहतात. हा सौदा परवडतो, कारण तिरका काप बहुतेक वेळा ५० मिमीच्या आतल्या पाइप-अँगलचाच असतो. फिरती प्लेट थेट बेडवर बसवली तर १० मिमी वाचतील. पण या वर्गातल्या यंत्रांचा बेड क्वचितच सपाट असतो, आणि कोनाची भोकं यंत्राच्या अंगात पाडणं मला पटत नाही. बेस प्लेट चुकली तर नवी करता येते.

फिक्स्ड जॉ मोटरच्या बाजूला. ब्लेडची ओढ तिकडेच असते, आणि ओढ सोसायची ती न हलणाऱ्या जॉनं, स्क्रूनं नव्हे. प्लेट फिरवल्यावर मालाची शेपूट माणसाच्या बाजूला यायला हवी. उलट फिरवली तर लांब बार मोटर-पट्ट्यावर जाऊन बसतो.

कोन : ०, १५, २२.५, ३०, ४५. चौकोनी फ्रेमला ४५, षटकोनाला ३०, अष्टकोनाला २२.५ आणि बारा बाजूंना १५ लागतो. या पाचांत रोजचं बहुतेक काम येतं.

९ नोव्हेंबर

सामान :

- एमएस (साधं पोलाद) प्लेट १० मिमी : ३२० × २६० एक, २२० × १९० एक (फिरत्या प्लेटच्या मापात बाहेर येणारा कान धरलेला नाही)
- एमएस फ्लॅट २५ × ५०, लांबी २०० : फिक्स्ड जॉ
- चौकोनी बार ५० × ६०, लांबी ७० : स्क्रूचा ब्लॉक
- एम १६ × २ चा पूर्ण आटे असलेला रॉड १५० मिमी, टॉमी बारसह (स्क्रू पिळायचा आडवा दांडा)
- एमएस फ्लॅट २० × ४०, लांबी ५० : दाबाचा पॅड
- ॲल्युमिनियम पट्टी १० × ४०, साधारण २५० मिमी
- १२ मिमी डॉवेल (जागा पक्की करणारी पिन) १, ८ मिमी डॉवेल ४, ८ मिमी ग्राउंड रॉड ८० मिमी
- एम १० ॲलन बोल्ट १०, जाड वॉशर, क्लॅम्पच्या पट्ट्यांसाठी १२ × ३० फ्लॅट

डॉवेलबद्दल एक सूचना. बाजारात मिळणारी डॉवेल पिन एम ६ (m6) टॉलरन्सची असते, म्हणजे नावापेक्षा काही मायक्रॉन जाड. ती एच ७ (H7) च्या भोकात ठोकून बसवायची असते. हातानं घालता-काढता यायला हवी अशा कोनाच्या पिनेसाठी एच ६ (h6, म्हणजे नावापेक्षा किंचित बारीक) टॉलरन्सचा ग्राउंड रॉड घ्यावा. डॉवेलच घासून सैल करण्याचा मोह टाळावा, ती एका बाजूनं जास्त घासली जाते.

११ नोव्हेंबर

बेस प्लेट. दोन्ही प्लेटा गॅसनं कापून आलेल्या, कडांवर कडक थर. थेट कानस लावली तर कानसच बोथट होते. आधी ग्राइंडरनं दीड-दोन मिमी उडवून मग कानस.

सपाटपणा : सरळपट्टी लावून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घातला, मधोमध ०.१५ मिमी पोक. पोक वरच्या बाजूला ठेवायचा नाही, फिरती प्लेट त्यावर डुलते. पोकळ बाजू वर ठेवून प्लेट बेडला आवळली की बरीच सपाट होते. जिथे बेड खाली आहे तिथे बोल्टपाशी शिम (पातळ पत्रा).

बेडला बांधण्यासाठी मूळ व्हाइसच्याच जागा वापरल्या. प्लेटमधली भोकं एम १० साठी मुद्दाम १२ मिमीची, म्हणजे शून्य जुळवताना सगळीकडे एकेक मिमी हलवायला वाव. बोल्टची डोकी बुडवून घेतली (काउंटरबोअर १८ मिमी, खोली ६). टोपीची उंची कमी असलेले ॲलन बोल्ट घ्यावे लागले, साध्या एम १० ॲलनचं डोकं १० मिमी उंच असतं आणि ते वर राहतं.

१५ नोव्हेंबर

फिरती प्लेट. सगळ्यात विचार करायला लावणारा भाग म्हणजे तिची ब्लेडकडची कड. शून्याला कड ब्लेडपासून जितकी लांब, तितकीच ती ४५ ला असायला हवी, आणि मधल्या कुठल्याही कोनात कोपरा ब्लेडला लागता कामा नये.

पिव्हट ब्लेडच्या रेषेपासून २० मिमी मागे. कड पिव्हटपासून १७ मिमीवर, म्हणजे ब्लेडपासून ३ मिमी. हीच कड माणसाच्या बाजूला ४५ अंशात तिरकी कापायची, तीही पिव्हटपासून लंब अंतर मोजून १७ मिमीवरच. दोन्ही कडा जिथे मिळतात तो कोपरा पिव्हटपासून १८.४ मिमीवर येतो (१७ भागिले कॉस २२.५). प्लेट २२.५ वर असताना हा कोपरा ब्लेडकडे थेट तोंड करून असतो आणि अंतर फक्त १.६ मिमी उरतं. ब्लेड थोडं भटकलं की दात गेले. म्हणून कोपरा पिव्हट केंद्र धरून १७ मिमी त्रिज्येत गोल केला. आता शून्यापासून ४५ पर्यंत अंतर कायम ३ मिमी.

मार्किंगचा क्रम महत्त्वाचा : आधी पिव्हटचं भोक ११.८ ड्रिल, १२ एच ७ रीमर (भोक अचूक मापाला आणणारं हत्यार). मग त्यात पिन घालून, पिनेच्या कडेपासून मापं घेऊन (१७ वजा ६, म्हणजे ११ मिमी) दोन्ही रेषा आखल्या. कडा आधी कापून भोक नंतर पाडलं तर ड्रिल जितकं सरकेल तितकी दोन्ही कडांची अंतरं वेगळी होतात.

प्लेटच्या मागच्या बाजूला २५ मिमी रुंदीचा एक कान बाहेर काढला आहे. त्यात पिव्हटपासून १५० मिमीवर कोनाच्या पिनेचं ८ मिमीचं भोक. कान कशासाठी, ते कोन जुळवताना कळेल.

गोलाकार स्लॉट पाडलेला नाही. ४५ अंशांसाठी १५० त्रिज्येवर जवळपास ११८ मिमी लांबीचा स्लॉट लागतो, रोटरी टेबलाशिवाय तो नीट होत नाही, आणि भोकं जोडून कानस मारलेला स्लॉट बोल्टला हव्या त्या जागी न थांबता जुन्या ठशात ओढतो. त्याऐवजी फिरत्या प्लेटच्या कडेवर पट्टी-क्लॅम्प, बेसमध्ये एम १० आटे. कोन पिन धरते, क्लॅम्प फक्त प्लेट खाली दाबून ठेवतात.

१६ नोव्हेंबर

बेस आणि फिरत्या प्लेटमध्ये तेल नको, कोरडं पुसून ठेवायचं. तेलावर बारीक कीस चिकटतो, आणि ०.२ मिमीचा एक कण प्लेटच्या एका टोकाखाली गेला की काप उभ्यात तिरका येतो. फिरत्या प्लेटच्या खालच्या कडांना १ मिमी चँफर (तिरका छाट) दिला, म्हणजे फिरवताना कीस आत ओढला जाण्याऐवजी बाहेर ढकलला जातो.

१८ नोव्हेंबर

फिक्स्ड जॉ २५ × ५० × २००, ५० ची बाजू उभी. खालून तीन एम १० आणि दोन ८ मिमी डॉवेल. डॉवेल आत्ताच ठोकायच्या नाहीत, जॉचं तोंड आणि ० अंश जुळल्यावरच.

जॉचं पुढचं टोक फिरत्या प्लेटच्या कडेला जुळवलं. ४५ ला हे टोक ब्लेडपासून थोडं मागे सरकतं, आणि मालाचं निमुळतं टोक जॉच्या पुढे लोंबतं. भरीव बारला याचं काही नाही, पातळ पाइपला त्रास होणार. त्यासाठी जागा आत्ताच करून ठेवली : जॉच्या टोकाला समोरून दोन एम ६ आटे.

स्क्रूचा ब्लॉक. एम १६ टॅपसाठी १४ मिमी ड्रिल, भोकाची लांबी ६० मिमी. इतक्या लांब आट्यांत रॉड डुगडुगत नाही. स्क्रूचा मध्य प्लेटपासून २२ मिमी वर. हातानं टॉमी बारवर १० न्यूटन-मीटर दिले तरी एम १६ वर साधारण ३ किलोन्यूटन जोर येतो, म्हणजे तीनशे किलो वजनाइतका. हा जोर ब्लॉकला मागे ढकलतो आणि मागच्या खालच्या कडेवर उलथवायला बघतो. म्हणून ब्लॉकचे दोन बोल्ट मधोमध नाहीत, जॉबच्या बाजूला पुढच्या कडेपासून १५ मिमीवर आहेत. मागच्या कडेपासून ४५ मिमीची तरफ मिळते. हेच बोल्ट मागच्या बाजूला घेतले तर ब्लॉक पुढून उचलतो, पॅड वर वळतो आणि जॉब तळापासून सुटतो. जॉब प्लेटवर नीट टेकत नसेल तर पॅडला दोष देण्याआधी हे बघावं.

ब्लॉकसाठी प्लेटमध्ये २५ मिमी अंतरानं एम १० आट्यांच्या रांगा. स्क्रूची चाल ५० मिमी, त्यापुढे ब्लॉक सरकवायचा. १० मिमी प्लेटमध्ये आट्यांची खोली बोल्टच्या व्यासाइतकीच मिळते, म्हणून ८.८ ग्रेडचा बोल्ट पुस्तकातल्या पूर्ण टॉर्कला नेऊ नये. ३० न्यूटन-मीटर पुरतात.

पॅड २० × ४० × ५०. पाठीत १७ मिमीचं आंधळं भोक १२ खोल, तळाला ९० अंशांचा कोन. रॉडचं टोक गोलसर घासलेलं. पॅड या टोकावर थोडा डुलतो आणि जॉबच्या बाजूला आपोआप बसतो. बाजूनं एम ५ चा छोटा स्क्रू रॉडच्या खाचेत सैल, म्हणजे मागे घेताना पॅड गळून पडत नाही.

ब्लॉकच्या जागेचा एक हिशेब. ४५ ला माणसाच्या बाजूची कड तिरकी मागे जाते. ५० मिमी रुंद मालाला पॅडचं पुढचं टोक पिव्हटच्या बरंच मागे असावं लागतं, पुढे असेल तर ब्लेडच्या वाटेत. शून्याला मात्र त्याच जागी ठेवलेला पॅड ब्लेडपासून फार लांब पडतो. म्हणून रांगा दोन : एक सरळ कापाची, एक तिरक्याची. तिरक्याच्या रांगेपाशी पंचानं ४५ लिहिलं आहे.

२२ नोव्हेंबर

शून्य जुळवणी. याआधी ब्लेड नवं, ताण नीट, गाइड (ब्लेडला दोन बाजूंनी धरणारे) कामाच्या जितके जवळ येतील तितके. भटकणाऱ्या ब्लेडवर शून्य जुळवलं तर ते शून्य त्या ब्लेडपुरतंच.

पहिलं, ब्लेड प्लेटला उभ्यात काटकोनात आहे का. फिरत्या प्लेटवर गुण्या उभा करून, ब्लेडच्या सपाट भागाला लावायचा, दाताला नाही. आर्म (ब्लेडची वर-खाली होणारी चौकट) वर असताना आणि खाली असताना असं दोनदा. दोन्हीकडे सारखी फट असेल तर गाइडचं काम, वेगवेगळी असेल तर आर्मच्या पिव्हटची अक्ष वाकडी आहे आणि गाइड पिळून ती जाणार नाही.

मग आडव्यात. ५० × १० चा फ्लॅट आडवा धरून सावकाश कापला. कापलेला तुकडा उताणा करायचा (लांबीच्या अक्षाभोवती अर्धा फेरा), दोन्ही तुकडे सरळपट्टीला लावून कापलेली तोंडं भिडवायची. जी फट दिसते ती चुकीच्या दुप्पट असते. ५० मिमी रुंदीवर ०.१ मिमी फट म्हणजे चूक ०.०५७ अंश. बेसचे बोल्ट सैल करून, प्लेट टिचकीनं सरकवून, पुन्हा काप. ०.०५ चा फीलर आत जात नाही इथपर्यंत आणलं.

आता बेसमधून बेडमध्ये ७.८ ड्रिल, ८ मिमी रीमर, दोन डॉवेल. बिडाच्या बेडमध्ये ड्रिल आणि रीमर दोन्ही कोरडे चालवायचे. तेल घातलं तर बिडाचा भुगा लापशीसारखा होतो आणि रीमर भोक मोठं करतो. जॉच्या डॉवेलही आत्ताच.

२३ नोव्हेंबर

कोनाची भोकं. बेसमध्ये पाच भोकं आखून पाडायची नाहीत. फिरत्या प्लेटच्या कानातलं भोकच ड्रिलला वाट दाखवतं : प्लेट कोनावर लावायची, चारही क्लॅम्प आवळायचे, कानातल्या भोकातून बेसमध्ये ७.८ ड्रिल आणि मग ८ चा रीमर. त्रिज्या १५० ऐवजी १४९.७ आली तरी पिन बसते, कारण पाचही भोकांना त्रिज्या तीच. प्रत्यक्ष त्रिज्या किती आली हे मात्र मोजून घ्यावं, कारण पुढचा हिशेब तिच्यावर आहे.

पहिलं भोक शून्याचं. तिथे पिन ठोकून उभी ठेवली, आणि कानातल्या भोकात दुसरी. दोन पिनांच्या बाहेरून व्हर्नियरनं अंतर घ्यायचं. त्रिज्या १५० धरून दोन पिनांच्या मध्यांमधलं अंतर आणि बाहेरचं माप (अधिक ८ मिमी) असं :

१५ अंश : ३९.१६, बाहेरून ४७.१६
२२.५ अंश : ५८.५३, बाहेरून ६६.५३
३० अंश : ७७.६५, बाहेरून ८५.६५
४५ अंश : ११४.८१, बाहेरून १२२.८१

सूत्र साधं : त्रिज्येची दुप्पट गुणिले अर्ध्या कोनाचा साइन. त्रिज्या वेगळी आली तर याच प्रमाणात आकडे बदलायचे. ४५ ला ०.०५ मिमीची चूक म्हणजे कोनात ०.०२ अंश, ब्लेड स्वतःच्या लहरीनं याहून जास्त सोडतं. कान अरुंद ठेवल्याचा फायदा इथे : १५ अंशाला कान ३९ मिमी सरकलेला असतो, त्यामुळे शून्याची पिन उघडी राहते आणि व्हर्नियरचा जबडा तिथे पोहोचतो.

ड्रिल करताना प्लेट ढकलली जाते, क्लॅम्प कितीही आवळा. आधी ३ मिमीचं पायलट, मग माप पुन्हा घ्यायचं, मग मोठं ड्रिल. रीमर हातानं, पिळून बाहेर काढताना उलटा फिरवायचा नाही.

२९ नोव्हेंबर

आर्मचा थांबा. जॉब आता २० मिमी वर आलाय, म्हणजे काप संपतो तेव्हा आर्म पूर्वीसारखा आडवा नसतो. आर्मच्या पिव्हटपासून काप ३५० मिमीवर धरला तर आर्म ३.३ अंश वर असतो. ७० मिमीच्या कापात ब्लेडची दोन टोकं ४ मिमीनं वरखाली. माणसाच्या बाजूचं टोक वर राहतं, म्हणून थांबा त्या टोकाकडे बघून लावायचा : तिथे ब्लेड प्लेटच्या वरच्या पातळीखाली २ मिमी जायला हवं, मोटरच्या बाजूला ते ६ मिमी खाली गेलेलं असेल. गाइडचा खालचा भाग तिथे बेस प्लेटला टेकत नाही ना, हे वीज बंद ठेवून आर्म हातानं उतरवून बघावं.

आपोआप बंद होणारा स्विचही याच कारणानं चालेनासा होतो. आर्म पूर्वीच्या जागी पोहोचतच नाही, मग काप संपूनही मोटर फिरत राहते. स्विचला दाबणाऱ्या पत्र्याला ३ मिमीची पट्टी जोडून तो लांब केला. पट्टीला उभा स्लॉट ठेवला आहे, कारण मूळ व्हाइस कधी परत लावली तर तो परत वर घ्यावा लागेल.

२ डिसेंबर

४० × ४० × २ चौकोनी पाइप, ४५ अंश.

दातांचा हिशेब तिरक्या कापात बदलतो. उभी भिंत २ मिमी जाड, पण ४५ ला ब्लेडला ती २.८३ मिमी लागते. २४ दातांचं ब्लेड (दर इंचाला) घेतलं तर दोन दातांतलं अंतर १.०६ मिमी, म्हणजे एका वेळी जेमतेम पावणेतीन दात. १४ दातांवर एका वेळी जेमतेम दीड दात लागतो आणि दात सोलून निघतात. उलट वरची आडवी भिंत कापताना ब्लेड ५६.६ मिमी लांबीवर एकदम टेकतं आणि दाब पसरल्यानं नुसतं घासत राहतं. तिथे हात देऊन दाब वाढवण्याचा मोह होतो. तो दाब भिंत तुटताच दोन उभ्या भिंतींवर येतो, आणि दात जातात ते नेमके तिथे. उतरण्याचा वेग उभ्या भिंतीला झेपेल तेवढाच लावावा, वरची भिंत वेळ खाईल तर खाऊ द्यावी.

निमुळतं टोक थरथरतं आणि कर्कश आवाज येतो. जॉच्या टोकाला ॲल्युमिनियमची नाकपट्टी बसवली, जॉच्या तोंडाशी सपाट, १५ मिमी पुढे आलेली, टोक ४५ मध्ये कापलेलं. पहिल्या कापात ब्लेड तिला किंचित खरवडेल, ते चालतं. आवाज गेला आणि टोकाचा बर (कापाच्या कडेला उरणारी धारदार किनार) निम्म्यानं कमी झाला. ही पट्टी फक्त ४५ ची. शून्याला परत येताना काढली नाही तर सरळ ब्लेडखाली येते, म्हणून तिच्या स्क्रूंची डोकी लाल रंगवली आहेत.

पॅडचा दाब पातळ पाइपच्या भिंतीत पोचा पाडतो. पॅडवर ५० मिमीची ॲल्युमिनियम पट्टी आणि टॉमी बारवर एका हाताचाच जोर.

५ डिसेंबर

लांबीचा स्टॉप. फिक्स्ड जॉवरून रॉड पुढे काढता येत नाही, ब्लेड मध्ये उतरतं. स्टॉप बेडच्या पलीकडच्या बाजूला, स्वतंत्र.

फ्रेमसाठी कापताना दर कापानंतर माल लांबीच्या अक्षाभोवती अर्धा फिरवायचा, म्हणजे एकाच कोनावर तुकड्याची दोन्ही टोकं तयार होतात. तुकड्याची लांब बाजू तेव्हा माणसाच्या बाजूला येते, आणि टोकदार कड स्टॉपवर. त्या कडेवर हमखास बर असतो, सपाट स्टॉप लावला तर प्रत्येक तुकडा बराच्या जाडीनं कमी-जास्त. म्हणून १० मिमीची उभी गोल पिन लावली, जी तिरक्या तोंडाला टोकापासून ५-६ मिमी आत टेकते. तिचा तोटा एकच : तिरक्या तोंडावर टेकल्यामुळे ती मालाला फिक्स्ड जॉपासून दूर ढकलते. माल आधी जॉला चिकटवून हलकं आवळायचं, मग पुढे सरकवून पिनेला नुसता स्पर्श, मग पूर्ण आवळायचं. आता आवळताना लांबी हलत नाही. मूळ व्हाइसवर हे शक्यच नव्हतं.

काप सुरू करण्यापूर्वी पिन बाजूला वळवायची. तशीच राहिली तर तुटलेला तुकडा पिन आणि ब्लेडच्या मध्ये पाचरीसारखा अडकतो.

मालाचा हिशेब : असं आलटूनपालटून कापताना एका तुकड्याला लागणारी लांबी म्हणजे लांब बाजू वजा मालाची रुंदी अधिक कापाची रुंदी. काप १ मिमीचा धरला तरी ४५ ला तो लांबीतून १.४ मिमी खातो. ३०० च्या लांब बाजूला, ४० च्या पाइपमध्ये, २६१.४ मिमी.

९ डिसेंबर

कोनाची खरी परीक्षा फ्रेम मिटवून. चार तुकडे, आठ काप, सगळे एकाच बाजूला चुकलेले, म्हणून चूक आठपट होऊन शेवटच्या कोपऱ्यात दिसते. ०.१ अंशाची चूक ३०० मिमीच्या बाजूवर ४.२ मिमीची फट दाखवते. इथे फट ०.६ मिमी मिळाली, म्हणजे दर कापाला ०.०१५ अंशाच्या आसपास. एवढ्यावर पिनेची भोकं हलवण्यात अर्थ नाही.

फट फक्त वरून दिसत असेल आणि खाली तोंडं भिडत असतील तर कोन बरोबर आहे, ब्लेड खाली जाताना भटकलंय. तिरक्या कापात गाइडमधलं अंतर नकळत वाढवलं जातं, कारण पॅड आणि टॉमी बार मध्ये येतात. टॉमी बार आवळून झाल्यावर काढून ठेवला की माणसाच्या बाजूचा गाइड तेवढा आत घेता येतो.

१४ डिसेंबर

आखूड तुकडे. जॉच्या एकाच टोकाशी धरलेला ३० मिमीचा तुकडा पॅडच्या समोर नसेल तर पॅड तिरपा होतो. इथे पॅड ५० मिमीचाच असल्यानं ब्लॉक सरकवून पॅड तुकड्यासमोर आणला की पुरतं, वेगळा जॅक स्क्रू (जॉच्या रिकाम्या टोकाला टेकू देणारा) लागत नाही.

गोल बारसाठी पॅडच्या जागी ९० अंशांच्या खाचेचा पॅड, खाच आडवी, म्हणजे बार जॉ आणि खाचेच्या दोन कडा अशा तीन रेषांवर धरला जातो. गोल बार कापाच्या सुरुवातीला ब्लेड सरकवतो, विशेषतः तिरक्या कापात. पहिले ३-४ मिमी आर्म हातानं धरून उतरवावा.

६० अंशाची मागणी येते. त्यासाठी ४५ वर असताना दोन्ही जॉवर १५ अंशांच्या पाचरी लावता येतात, पण दाब पुन्हा १५ अंश तिरका होतो आणि तेवढ्यात तेलकट पोलाद घसरतं. पाचरी जॉला पिनांनी बांधाव्या लागतील आणि मालाच्या शेपटीला मागून टेकू हवा. शिवाय ५० मिमी मालाला काप १०० मिमी लांब होतो. असे मोजकेच तुकडे असतील तर ४५ वर कापून उरलेलं ग्राइंडरवर उतरवणं सोपं. पाचरींचं चित्र काढून ठेवलं आहे, लोखंड कापलेलं नाही.

देखभालीत एवढंच बघायचं : कोनाची पिन दोन बोटांनी घातली जात नसेल तर ठोकायची नाही. भोकात कीस असतो, हवेनं फुंकून ८ मिमीचा रीमर हातानं एकदा फिरवावा.